जुन्या नकाशातली जत्रा

कानातली कुडी हरवली की आपण आधी आठवतो, सकाळपासून कुठं कुठं वावरलो? मग तेवढीच जागा धुंडाळतो. इंग्लंडमधले हौशी लोक शेतात मेटल डिटेक्टर फिरवण्याआधी नेमकं हेच करतात. फक्त त्यांच्यासाठी आठवण ठेवलेली असते जुन्या नकाशानं!

चर्चला द्यायचा दशांश धान्याऐवजी पैशात ठरवावा, असा कायदा तिथं १८३६ साली झाला. त्यासाठी गावोगावचे नकाशे काढले गेले आणि सोबतच्या वहीत शेतांची नावंही लिहिली गेली. ‘जत्रेचं शेत’ असं नाव दिसलं की समजावं, इथं माणसं जमत होती; म्हणजे नाणी, गुंड्याही पडल्या असणार. मोडलेली पायवाट, नदीचा उतार, नाहीशी झालेली खाणावळ, साऱ्या खुणा आजच्या नकाशाशी ताडून पाहायच्या. शेतमालकाची परवानगी मात्र हवीच.

पण शोधण्याहून थांबणं मोलाचं, बरं का! १९९२ साली हॉक्सन गावी शेतात हरवलेला हातोडा शोधताना रोमन खजिना लागला. शोधणाऱ्यानं सगळं न उपसता कळवलं, म्हणून जाणकारांना सुमारे १५ हजार नाणी कशी पुरून ठेवली होती तेही कळलं.

आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे. १० रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा मैत्रिणींनो, घराचा पाया खणताना हंडा लागलाच, तर घासायला घेऊ नका. जागा तशीच ठेवा आणि आधी कचेरी गाठा!