जुन्या जिप्सीचा टाय रॉड एंड घरी बदलताय? आधी मोजा, मग सोडा



एरवी आपण उधारी, स्टॉक आणि गिऱ्हाईक यावर बोलतो. आज पाना हातात घेऊया. आपल्यातले बरेच जण जुन्या जिप्सीवर पोट भरतात. कुणी ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून पर्यटक फिरवतो, कुणी शेतावर माल नेतो, कुणाचं डोंगरात होम-स्टे आहे. मारुती जिप्सी १९८५ साली आली. पुढे-मागे अख्खा अ‍ॅक्सल, पाटे आणि साधी रचना, त्यामुळे घरी काम करायला सोपी गाडी. पण स्टिअरिंगचं काम सोपं असलं तरी हलकं नाही. ब्रेक कमी लागला तर गिअरने गाडी आवरता येते. टाय रॉडचा जॉइंट घाटात निखळला तर चाकं आपल्या ताब्यात राहत नाहीत, आणि मागे सहा माणसं बसलेली असतात.

व्हिडिओत हात चालताना दिसतात. क्रम लक्षात राहावा म्हणून तो इथे लिहून देतोय.

आधी खात्री करा, जॉइंटच गेलाय का?

टाय रॉड एंड म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वर रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला की धूळ-चिखल आत जातो, ग्रीस निघून जातं आणि गोळा वाटीला घासत ढिला होतो. मग खड्ड्यात खटखट येते, स्टिअरिंग थोडं फिरवूनही गाडी सरळच जाते, पुढचे टायर कडेने झिजतात.

पण ही लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात. म्हणून चाकं जमिनीवर ठेवा, इंजिन बंद, चावी फिरवून स्टिअरिंग मोकळं. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. रॉड हलतो आणि पलीकडचा हात मागाहून हलतो, तिथे प्ले आहे. मग पुढचं चाक उचलून धरा. घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं आणि हललं, तर टाय रॉडकडे संशय. १२ आणि ६ च्या जागी हललं, तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं बेअरिंग बघा. जिप्सीत ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं त्यात किंगपिन बेअरिंगचाही हात असतो. अशा वेळी नुसता जॉइंट बदलून पैसे वाया जातील.

सामान

जॅक, दोन मजबूत घोड्या, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, पाने, वायर ब्रश, गंज सोडवायचं तेल, मापाची टेप, खडू किंवा पेंट, जॉइंट काढायचा पुलर, टॉर्क पाना, नवीन स्प्लिट पिना. नवा जॉइंट घेताना जुन्याशी शंक्वाकृती दांडा, आटे आणि लांबी जुळवून घ्या. टाय रॉडला एका बाजूला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या बाजूला उलटे, त्यामुळे दुकानात डावा-उजवा नीट सांगा.

काम असं करा

१. सपाट कडक जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे. व्हील नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा. मग उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोड्या द्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही.

२. आटे ब्रशने साफ करा. तेल आदल्या रात्री मारून ठेवलं तर अर्धं काम तिथेच होतं.

३. आता मोजा. दोन्ही टोकांच्या जॉइंटच्या दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. चेक नट कुठे होता तिथे पेंटची रेघ मारा.

४. जॉइंट नकलला लागलेला असतानाच चेक नट अर्धा फेरा सैल करा. रॉड घट्ट धरलेला असतो म्हणून ताकद लागते ती इथे लावा. उलट्या आट्यांची बाजू विसरू नका.

५. स्प्लिट पिन काढा. खाचांचा नट सोडा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या. दांडा बाटलीतल्या बुचासारखा टेपरमध्ये रुतलेला असतो. पुलर लावा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याला बाजूने हातोडा मारा, धक्क्याने टेपर सुटतो. दांड्याच्या टोकावर मारू नका.

६. जॉइंट रॉडमधून काढताना फेरे मोजा. नवा तितकेच फेरे आत घाला, पण फेऱ्यांवर विसंबू नका, कारण नव्या जॉइंटची लांबी थोडी वेगळी असू शकते. तिसऱ्या पायरीत लिहिलेलं अंतर जुळवा. आट्यांचं अंतर १.५ मिमी असेल तर एका फेऱ्याला तितकाच फरक पडतो. एवढ्यानेही टायर कुरतडला जातो.

७. टेपरचं भोक पुसून कोरडं करा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पिनेचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून नाही. स्प्लिट पिन नवीनच घाला. जॉइंट मधोमध ठेवून चेक नट आवळा. ग्रीस निप्पल असेल तर बूट थोडा फुगेपर्यंत ग्रीस भरा.

८. चाक लावा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठे अडकत नाही ना, ब्रेकचा पाइप ओढला जात नाही ना, बघा.

इथे थांबा

नकलचं भोक अंडाकृती झालंय, रॉड वाकलाय, रॉडच्या आतले आटे गेलेत, किंवा जॉइंट बदलूनही स्टिअरिंग बॉक्समध्ये प्ले आहे, यातलं काहीही असलं की पाना खाली ठेवा आणि जाणकार मेकॅनिककडे द्या. वाटीत पत्रा घालून जुना जॉइंट घट्ट करणं, रॉडला वेल्डिंग मारणं, हे तात्पुरतंसुद्धा करायचं नाही. रस्त्यावर तात्पुरतं असं काही नसतं.

काम झाल्यावर मोकळ्या जागेत हळू चालवून बघा. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या. ढिल्या जॉइंटवर घेतलेलं माप नव्या जॉइंटला तंतोतंत लागू पडतंच असं नाही. तुम्ही लिहिलेलं माप तुम्हाला अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट पोहोचवतं, पुढचं काम त्यांचं. एक फरक लक्षात ठेवा: टाय रॉडचं माप बदललं तर दोन्ही चाकांमधला टो बदलतो, ड्रॅग लिंकचं बदललं तर स्टिअरिंगचा मध्य सरकतो. प्रवासी बसवणार असाल तर आधी जाणकार मेकॅनिककडून नट-पिना तपासून घ्या, मगच पहिली फेरी लावा.

धंद्याचं गणित

हा पार्ट काही फार महाग नाही. महाग पडते ती सीझनमध्ये दारात उभी राहिलेली गाडी. त्यामुळे घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, हे आधी ठरवा. आपण मोजून, लिहून करतो तेवढंच घरी करा. ज्यासाठी मशीन किंवा अनुभव लागतो त्याचे पैसे द्या. त्यात कंजुषी करू नका.

शेवटचं काम वहीतच आहे. तारीख, किलोमीटर, कोणता जॉइंट बदलला, दुसऱ्या बाजूच्या जॉइंटची आणि ड्रॅग लिंकची अवस्था काय, हे सगळं लिहा. एकाचा बूट फाटलाय तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. दर महिन्याला पाच मिनिटं देऊन बूट बघत जा. फाटलेला बूट दुकानदारीतल्या उधारीसारखा असतो, वेळेवर दिसला तर स्वस्तात सुटतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. गाडी सांभाळून चालवा.