स्विच बंद, पण पिन भिंतीतच

वळिवाचे ढग दाटून आले, पहिला गडगडाट झाला की घराघरांतून एकच हाक येते, "आधी मेन स्विच पाड!" बटण खाली जाते आणि सगळे निर्धास्त होतात. टीव्ही, फ्रिज, राउटर यांच्या पिना भिंतीतच राहतात. मग उपकरण जळते आणि तक्रार ठरलेली असते, "स्विच तर बंद होता!" हा समज मुळातून उपटायला हवा, कारण त्याच्याच भरवशावर खरी खबरदारी राहून जाते.

स्विच बंद होतो म्हणजे दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये काही मिलिमीटर हवा येते, एवढेच. २३० व्होल्टला अडवायला ती पुरते. पण वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून आलेली असते. एक मिलिमीटर हवा साधारण ३,००० व्होल्टला फुटते, म्हणजे तीन मिलिमीटरची फट दहा हजारांच्या आसपास टिकाव धरत नाही. जवळच्या खांबावर किंवा तारेवर वीज पडली, तर तारेतून येणारी लाट लाखाच्या घरात जाऊ शकते. "एमसीबी आपोआप पडेल ना?" असे विचारले जाते. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच, पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत शिगेला पोचतो. एमसीबी पडेपर्यंत सर्किट जळून गेलेले असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भिंतीवरच्या बोर्डात आहे. तिथला स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. मेन स्विचने तीही तुटली, तरी तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंग, कोणताच स्विच तोडत नाही आणि तोडूही नये. "आमचे अर्थिंग उत्तम आहे" असे म्हणणाऱ्यांनी एक साधा गुणाकार करून पाहावा. अर्थिंगचा रोध ५ ओहम धरला आणि घरावर ३०,००० अँपिअरची वीज पडली, तर अर्थिंगची तारच क्षणभर दीड लाख व्होल्टवर जाते. तीच तार फ्रिजच्या पत्र्याला जोडलेली असते. केबलची आणि इंटरनेटची तार तर मेन स्विचच्या वाटेला जातच नाही.

"इतकी वर्षे स्विचच बंद करतो, काही झाले नाही" हा आक्षेप समजण्यासारखा आहे. बहुतेक विजा दूर पडतात, त्यांची लाट क्षीण असते आणि ती स्विचच्या फटीत अडतेही. म्हणजे स्विच बंद करणे वाया जात नाही, पण वीज घरावर किंवा शेजारच्या खांबावर पडते तेव्हा तेवढ्याने भागत नाही. पिना आणि केबल उपसून ठेवणे हाच उपाय, आणि तोही गडगडाटाआधी. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी प्लगला हात लावणे धोक्याचे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' ॲप आधी सूचना देते, ते यासाठी वापरावे. छतावरचा तडितरक्षक भिंती आणि छप्पर वाचवतो, आग टाळतो. उपकरणांसाठी मेन बोर्डात वेगळे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस लागते.

बाकीचे समज थोडक्यात. एकदा पडलेल्या जागी वीज पुन्हा पडत नाही, हे खोटे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर ती वर्षाला वीसेक वेळा पडते. पत्र्याचे घर वीज खेचत नाही. उंची आणि एकटेपणा खेचतो. आरसा झाकून काही होत नाही. घरात मोबाइलवर बोलायला हरकत नाही, तो चार्जरला लावलेला मात्र नको. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत कुणाच्याही जन्मावर अन्याय करणारी आहे; जन्मताना पाय आधी आले की डोके, याचा विजेशी काडीचाही संबंध नाही.

शेवटचा समज जीव घेतो. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो म्हणून माणसे लांब उभी राहतात. शरीरात वीज साठून राहत नाही. जागा सुरक्षित असेल तर तिथेच, नाहीतर आडोशाला नेऊन नाडी आणि श्वास पाहावा. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.