सासऱ्याचा सल्ला

मैत्रिणींनो, सासऱ्याने जावयाची कानउघाडणी करावी आणि जावयाने ती निमूट ऐकावी, असं सहसा घडत नाही. बायबलमध्ये मात्र ते घडलंय! आमच्या बचत गटातल्या एका ख्रिस्ती ताईंनी मला ही गोष्ट वाचायला दिली. ‘निर्गम’ या पुस्तकाचा १८वा अध्याय.

मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून बाहेर काढलं. त्याचा सासरा इथ्रो हा मिद्यानचा याजक. लेक सिप्पोरा आणि दोन नातवांना घेऊन तो रानात जावयाच्या मुक्कामी आला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि माणसं ताटकळत उभी! इथ्रोने स्पष्टच सांगितलं, हे काही बरं नव्हे. अशाने तू थकशीलच, पण हे लोकही थकतील.

वाचताना मी चपापले. कारण मीही तेच करत होते. गटाचं पासबुक, हिशेबाची वही, बँकेच्या चकरा, सगळं माझ्याकडे. ‘मीच केलं की नीट होतं’ हा तोरा! मग मला टायफॉइड झाला. त्याच महिन्यात एकीला लेकीच्या फीसाठी कर्ज हवं होतं. पैसे होते, पण कागद कसे करायचे हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने शेवटी कानातलं गहाण ठेवलं. मी कष्ट केले, पण कुणाला शिकवलं नाही.

इथ्रोने उपायही सांगितला. आधी लोकांना नियम आणि रीत शिकव. मग माणसं निवड, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर. ती कशी हवीत? कर्तबगार, देवाला भिणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असणारी. लहानसहान तंटे त्यांनी मिटवावेत, अवघड तेवढे तुझ्याकडे यावेत. एवढा मोठा पुढारी, पण मोशेने ते ऐकलं. मला यातच त्याचा मोठेपणा वाटतो.

बरी झाल्यावर मी दोघींना वही लिहायला बसवलं. पहिल्या महिन्यात बेरीज चुकली. हात शिवशिवले, पण मी पेन हातात घेतलं नाही. परवा मी गावाला गेले होते, तर बैठक माझ्यावाचून झाली. खरं सांगू? आधी जरा वाईट वाटलं. मग हायसं वाटलं.

तुमच्या घरातली, गटातली कोणती किल्ली अजून तुमच्याच कमरेला आहे? बघा बरं!