कूलरचं पाणी कधी काढायचं आणि कुठं टाकायचं

उन्हाळा तापला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांचं बोलणं संपतं आणि कूलरचं सुरू होतं. कुणाचा वास मारतो, कुणाचा गार वाराच देत नाही, कुणाच्या कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. यातली शेवटची तक्रार बायका हसत हसत सांगतात, आणि आम्हाला भीती तिचीच वाटते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एका पेटीत. त्यात पाणी कोण भरतं? आपणच. हात ओले, पायाखालची फरशी ओली, पाय बहुतेक वेळा अनवाणी, आणि कमरेवर स्टीलची नाहीतर पितळेची कळशी. पाण्याच्या मोटरीची वायर आतून कुठं सोलली गेली असेल, तर करंट पत्र्यात उतरतो आणि आपल्या अंगातून जमिनीत जायला वाट शोधतो. झिणझिण्या येणं म्हणजे ही वाट अर्धी उघडली आहे. आज कोरड्या चपलेनं वाचलात, उद्या ओल्या पायानं वाचालच असं नाही. असा कूलर त्याच क्षणी बंद करायचा आणि वायरमन येऊन बघेपर्यंत पुन्हा लावायचा नाही. नवरोबा म्हणाले, ‘एवढं काय त्यात’, तरी नाही.

पाणी भरताना, पाणी काढताना, गवत बदलताना आधी स्विच बंद आणि मग पिनसुद्धा बोर्डातून बाहेर. स्विच बंद केला की झालं, असं समजू नका. फिटिंग करताना स्विच चुकीच्या वायरवर बसवला असेल, तर पंखा थांबतो पण आत करंट तसाच असतो. जुन्या घरांत आणि घाईत केलेल्या जोडण्यांत हे पुष्कळदा आढळतं. पिन काढल्यावर मात्र प्रश्नच उरत नाही. बोर्ड आणि पिन कूलरच्या पाण्यापासून लांब, कोरड्या जागी आणि लेकरांच्या हाताबाहेर हवी.

पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचीच वायर लागते. तिसरी जाड पिन अर्थिंगची. ती मोडून किंवा दोन पिनांचा जुगाड करून कूलर चालवणं म्हणजे पत्र्यात उतरलेल्या करंटची जमिनीत जायची वाट आपल्या हातानं बंद करणं. आता यातली एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच काम करतो. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या बाजूला, एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी सुकते की पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग ऐन कूलरच्या दिवसांत निकामी होतं. मग खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं. हे पाणी कुठून आणायचं, ते पुढं सांगतो.

मीटरजवळच्या पेटीत एमसीबी असते. तिचं काम वायर जळण्यापासून वाचवणं. माणसाला शॉक बसला तर ती पडत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट तिच्या दृष्टीनं फारच थोडा असतो. जीव वाचवायला आरसीसीबी नावाची वेगळी कळ लागते. तिच्यावर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं बघून घ्या. करंट भलत्या वाटेनं जाऊ लागला की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरवठा तोडते. तिच्यावर टेस्टचं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, कळ खाली पडली म्हणजे ती शाबूत आहे. गटातून घरदुरुस्तीसाठी कर्ज घेणार असाल तर रंगाच्या आधी ही कळ बसवून घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुणी चिकटलंच, तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या चपला घालून, कोरड्या लाकडी दांड्यानं वायर किंवा माणूस बाजूला करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा. खांबावरून घरात येणाऱ्या लाइनचीच तक्रार असेल तर महावितरणसाठी १९१२ हा नंबर आहे.

आता पाण्याकडं येऊ. कूलर गार कसा करतो? ओल्या गवतातून कोरडी गरम हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी द्यायला हजार वॅटच्या शेगडीला साधारण ४० मिनिटं लागतात. म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. नगर शहरालगत निजामशाहीतला फराहबाग महाल आहे. सोळाव्या शतकात तो तळ्याच्या मधोमध बांधला, चहूबाजूंनी पाणी आणि आत उंच दालन. पाण्यावरून येणारा वारा गार असतो, हे तेव्हाच्या कारागिरांनाही चांगलं ठाऊक होतं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच येतं, समजून घ्या.)

वाफ होऊन पाणी जातं, पण त्यातले क्षार जात नाहीत. सगळा घोटाळा इथंच आहे. बोअरच्या पाण्यात लिटरमागं अर्धा ग्रॅम क्षार धरला, आणि रात्रभरात ३० लिटर पाणी उडालं, तर रोज १५ ग्रॅम क्षार कूलरमध्ये मागं राहतो. महिन्याला जवळजवळ अर्धा किलो. पाणी जास्त खारं असेल तर किलोभरसुद्धा. आपण रोज वरून नवं पाणी ओतत राहतो, जुनं कधी काढत नाही. ४० लिटरच्या टाकीत आठवडाभर असं चाललं तर आतलं पाणी मूळ पाण्याच्या सहापट खारं होतं. गवतावर पांढरी पापडी धरते, पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बुजतात, गवत कुठं ओलं आणि कुठं कोरडं राहतं. गरम हवा कोरड्या जागेतूनच आत शिरते. ‘यंदा कूलर गारच करत नाही’ ही तक्रार निम्म्या घरांत इथून आलेली असते.

दुसरं कारण डासांचं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर टाकीच्या ओल्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून दिलं की काम झालं असं नाही. टाकीच्या आतल्या भिंती काथ्यानं किंवा ब्रशनं घासायच्या, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली असते तिथं, आणि टाकी उन्हात सुकू द्यायची. कूलर हलवता येत नसेल, पाणी पूर्ण निघतच नसेल, तर आशाताईंना सांगा. अळ्या मारायचं औषध कुठं आणि किती टाकायचं ते त्या सांगतील. घरात कुणाला अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग मोडून येणं असं झालं तर दुकानातून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनची गोळी आणून देऊ नका. डेंग्यूत त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. दवाखाना गाठा.

तुम्ही म्हणाल, टँकरची वाट बघणाऱ्या गावात आठवड्याला टाकीभर पाणी फेकायचं कसं? फेकायचं नाहीच. हिवरे बाजारनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला, तसा आपण आपल्या टाकीचा मांडू. कोरड्या दिवसाच्या आदल्या रात्री वरून पाणी घालू नका. सकाळपर्यंत उडायचं ते उडून जाईल आणि तळाला चार-पाच लिटर राहील. मात्र पाण्याची मोटर उघडी पडायच्या आत बंद करा. ती मोटर पाण्यामुळंच थंड राहते, कोरडी फिरली की जळते. मग पिन काढा, तळाचं बूच उघडा, खाली परात ठेवा. हे पाणी तुळशीला, परसबागेतल्या मेथी-कोथिंबिरीला घालू नका, फार खारं असतं. मेन स्विच बंद करून ते अर्थिंगच्या खड्ड्यात ओता. खारं पाणी तिथं चांगलंच, मातीतून करंट सहज जातो. उरलं तर मोरी धुवायला वापरा.

गवतावर आणि नळीत पापडी धरली असेल तर लिंबूसत्व घ्या, किराणा दुकानात मिळतं. बादलीभर पाण्यात तीन-चार चमचे विरघळवून नळी आणि मोटरीची जाळी त्यात तासभर बुडवा. मोटरीची वायर-पिन बाहेर कोरडी ठेवा. नळीची भोकं सुईनं मोकळी करा. संडासाचं ॲसिड वापरायचं नाही, पत्रा खातं आणि त्याची वाफ छातीत जाते. गवत कडक झालं, खाली दबून वर फट पडली, तर ते बदलायलाच हवं. धुऊन पुन्हा तेच घालण्यात अर्थ नसतो.

वास येत असेल तर एक सोपी सवय लावा. सकाळी कूलर बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवा. गवत सुकतं, कुबट वास धरत नाही.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, ही व्होल्टेज पडल्याची किंवा कंडेन्सर गेल्याची खूण. काठीनं ढकलून पंखा सुरू करणाऱ्या बहाद्दर बायका आम्ही पाहिल्यात, तसं करू नका. कंडेन्सरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून राहते. ते काम मिस्त्रीचं.

आणि सगळं ठीक असूनही घर गार होत नसेल तर खिडक्या बघा. पाहुणे आले की आपण दारं-खिडक्या गच्च लावून कूलर सोडतो. ओली हवा आतच कोंडते, थोड्या वेळानं अंग चिकचिक करतं आणि पाण्याची वाफच होत नाही. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा ठेवायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची. मेमध्ये ४० अंश आणि कोरडी हवा असेल तर चांगला कूलर २६-२७ अंशांचा वारा देतो. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की तोच कूलर दोन-तीन अंशांच्या वर उतरवत नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात तर त्याचा उपयोगच नाही. तेव्हा मोटर बंद करून नुसता पंखा लावा.

हल्ली काही घरांत चाकांचा एसी आलाय, पुण्या-मुंबईच्या लेकानं पाठवलेला किंवा जुना विकत घेतलेला. त्याचे नियम बरोब्बर उलटे. त्याला दारं-खिडक्या बंद लागतात आणि मागची जाड नळी घराबाहेर काढावीच लागते. नळी खोलीतच सोडली तर पुढून गार आणि मागून त्याहून जास्त गरम हवा येते, खोली तापते. यात आपण पाणी घालायचं नसतं. गार नळ्यांवर हवेतली वाफ गोठून पाणी आपोआप साठतं, गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. बरीच यंत्रं ते पाणी आतल्या आत उडवून बाहेर टाकतात. मेमध्ये त्यामुळं पाणी काढावंच लागत नाही, पण पावसाळ्यात परात भरते, दिवा लागतो आणि यंत्र थांबतं. ते बिघडलेलं नसतं. पिन काढा, मागं तळाशी असलेल्या बुचाखाली बसकी परात सरकवा, बूच उघडा, परात भरली की पुन्हा लावा, असं दोन-तीन वेळा. यंत्र तिरकं करून ओतू नका, जड असतं आणि पाणी आतल्या वायरिंगवर जातं. टेम्पोतून आडवं आणलं असेल तर उभं करून काही तास तसंच राहू द्या, मगच चालू करा. पंधरा दिवसांनी जाळी धुवा. कूलर आणि हा एसी एका खोलीत कधी लावू नका. एक ओल करतो आणि दुसरा वीज जाळून तीच ओल काढत बसतो.

बिलाचं म्हणाल तर रात्री आठ तासांना कूलर दीडेक युनिट घेतो, चाकांचा एसी आठ-दहा युनिट.

मृग लागला की कूलर आवरायचा. पाणी काढा, टाकी घासा, गवत काढून टाका, दोन दिवस उन्हात ठेवा आणि जुन्या साडीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या मार्चमध्ये पाणी घालायच्या आधी झाकण उघडून वायरी नीट बघा. धान्याच्या खोलीत ठेवलेल्या कूलरच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात, आणि पहिला शॉक बसतो तो तिथूनच.