‘जॉब यशस्वी’, पण फाइल कुठाय?

गळीत हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत संगणक विभागाला उसंत नसते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) द्यावी लागते, म्हणजे बिलंही वेळेत निघायला हवीत. ऊसबिलं, दूध संघांची दूधबिलं, पतसंस्थांचे खातेउतारे अशा कागदांच्या पीडीएफ रात्री आपोआप तयार करण्याची सोय, म्हणजे ‘जॉब’, आता नवलाईची राहिलेली नाही. गोंधळ होतो तो त्या कुठे साठवायच्या, यावर.

गैरसमज : जॉबमध्ये ‘डी ड्राइव्ह’ लिहिलं की फाइल माझ्या डी ड्राइव्हवर येते.

फाइल साठवायचा पत्ता वाचतं ते जॉब चालवणारं यंत्र. जॉब सर्व्हरवर चालत असेल तर डी ड्राइव्हही सर्व्हरचाच. आपल्या टेबलावरचा संगणक त्याच्या खिजगणतीतही नसतो.

‘झेड ड्राइव्ह’चं दुखणं याहून चिवट. जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह विंडोजमध्ये लॉगिन केलेल्या माणसापुरता असतो. दिवसा हाताने चालवलेला जॉब त्यामुळे बिनतक्रार चालतो आणि रात्री वेगळ्या खात्यातून चालताना त्याला झेड दिसतच नाही. तिथे सर्व्हरचं आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव असलेला पूर्ण पत्ताच द्यावा आणि त्या खात्याला लिहिण्याची परवानगी द्यावी. नुसतं फाइलचं नाव देणं तर आणखी धोक्याचं. टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा असला की फाइल थेट विंडोजच्या ‘सिस्टिम32’मध्ये जाऊन बसू शकते. तिथे शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार?

गैरसमज : फोल्डरला जिल्ह्याचं नाव दिलं की काम झालं.

अहमदनगरचं अहिल्यानगर झालं 2024 मध्ये. कुणी नवं फोल्डर केलं, कुणी जुनंच ठेवलं, की एकाच शेतकऱ्याची बिलं दोन ठिकाणी विभागली जाणार. औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या बाबतीतही हेच. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला क्रमांक असतो. फोल्डरसाठी तो क्रमांक वापरावा आणि नाव फक्त छापील मजकुरात ठेवावं. पाटी बदलली तरी पत्ता मोडत नाही. माझ्या मते चौदा तालुक्यांच्या नगर जिल्ह्यात हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

गैरसमज : मराठी फाइलनावं चालत नाहीत.

चालतात. मात्र लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा सहसा 255 बाइट्सची असते आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे 85 चिन्हांत नाव संपवावं लागतं. सोसायटीचं संपूर्ण नोंदणीकृत नाव लिहिण्याचा हट्ट तिथे महागात पडतो.

गैरसमज : नवी फाइल आली तरी जुनी राहतेच.

नाव तेच असेल तर बहुतेक वेळा जुनी पुसली जाते. नावात तारीख आणि बिलाचा पंधरवडा घाला. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की यादी आपोआप नीट लागते.

आणि संकेतस्थळाचं खुलं फोल्डर ही बिलांची जागा नव्हे. बँक खात्यांचे क्रमांक तिथे गेले की लिंक हाती लागलेला कुणीही ते वाचू शकतो.

हंगामाआधी एकदा सर्व्हरवरून लॉगआउट होऊन रात्रीचा जॉब चालू द्या आणि सकाळी ‘यशस्वी’ या संदेशावर न विसंबता फाइल स्वतः उघडून बघा.