डावा हात कुठे आहे?

सहलीच्या परवानगीची पत्रे घरोघरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी नववीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. "टीचर, किल्ला दाखवा, म्युझियम दाखवा, आम्ही नाही म्हणणार नाही. पण सिनेमातल्या बायकांचे फोटो बघायला पोरींनी एवढ्या लांब मुंबईला कशाला जायचं?"

प्रश्न रास्त होता. आम्ही एवढेच म्हणालो, "तुम्हीही चला. नाही पटलं तर पुन्हा नेणार नाही." त्या आल्या.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून फोर्टातून चालत गेले की काळा घोडा येतो. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथून हलवला गेला. आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ पासून येथे स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा आहे. आजूबाजूला उंची कपड्यांची दुकाने. काचेआड एकच कुर्ता टांगलेला आणि किंमत कुठेच लिहिलेली नाही. मुली एकमेकींना चिकटून चालत होत्या. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर एकीने हळूच विचारले, "तिकीट किती?"

१९५२ पासून हे कलादालन सुरू आहे आणि प्रवेश मोफत आहे. तरी आपल्यापैकी किती घरांनी ही पायरी चढली असेल? दार उघडेच होते. ते आपल्यासाठी नाही, असे आपणच धरून चाललो होतो.

प्रदर्शन जुन्या हिंदी चित्रपटांतील अभिनेत्रींच्या कृष्णधवल छायाचित्रांचे होते. ज्यांची केशरचना आणि साडी नेसण्याची ढब एका पिढीने पाहून पाहून उचलली, त्या साऱ्या भिंतीवर होत्या. मधुबालेसमोर मुली थबकल्या. "हिचा चेहरा खरंच असा होता?"

आम्ही सांगितले, की सुंदर तर ती होतीच. पण त्या काळी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या घालवत असत. "म्हणजे फिल्टर तेव्हाही होता!" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग आम्ही पुढचे सांगितले. तिचे खरे नाव मुमताज जहान बेगम देहलवी. हृदयाला जन्मापासून छिद्र होते. १९६९ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ती गेली. हसणे थांबले. त्या झळझळीत चेहऱ्यावर यातले काहीच दिसत नव्हते.

मीनाकुमारीच्या छायाचित्रांपाशी त्याच अम्मींची मुलगी बराच वेळ उभी होती. "टीचर, हिचा डावा हात कुठे आहे?"

आम्ही परत फिरून एकेक छायाचित्र नीट पाहिले. एका ठिकाणी हात पदराखाली, दुसऱ्या ठिकाणी दुपट्ट्यात. १९५१ मध्ये महाबळेश्वरहून मुंबईला येताना तिच्या मोटारीला अपघात झाला आणि डाव्या हाताची करंगळी कायमची अधू झाली. पुढे कॅमेऱ्यासमोर ती हा हात पदराने किंवा दुपट्ट्याने झाकून घेई. पाहणाऱ्यांना ती अदा वाटे.

तिचे नाव महजबीन बानो. १९३९ मध्ये, वयाची सहा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास तिचा पहिला चित्रपट आला. शाळेच्या वयात ती घर चालवत होती. तरीही ती उर्दूत शायरी करी, 'नाज़' या तखल्लुसने. 'पाकीज़ा'तला तिचा पेहराव तिने स्वतः आखलेला होता. तो चित्रपट फेब्रुवारी १९७२ मध्ये झळकला आणि ३१ मार्चला तिचे निधन झाले.

आतापर्यंत गप्प असलेल्या अम्मींनी विचारले, "आणि हिला शाळेत कुणी घातलंच नाही?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

कुरआनात सूरह अल-आराफमध्ये लिबासाची दोन कामे सांगितली आहेत: झाकणे आणि शोभा आणणे. तकव्याचा लिबास मात्र त्याहून श्रेष्ठ म्हटला आहे. आमच्या मुली दिवसभर मोबाइलवर सजलेले चेहरे पाहतात आणि आरशात स्वतःला कमी लेखतात. "पाहू नका" म्हटल्याने हे थांबत नाही. चित्रात काय झाकले आहे, कुणी झाकले आणि का, हे विचारायला शिकवले तर फरक पडेल, असे आम्हाला वाटते.

निघताना आणखी एक प्रश्न आला: "फोटो काढणारी बाई एकही नाही का?" त्या दालनात नव्हती. म्हणून आम्ही होमाई व्यारावाला यांच्याविषयी सांगितले. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या होमाई येथून जवळच असलेल्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या काम करीत. सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापून आली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. "नाव नवऱ्याचं?" मुलींनी एका सुरात विचारले. हा राग आम्हाला आवडला.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही अम्मींना विचारले, "पटलं का?"

"असले फोटो माझ्या घरात मी लावणार नाही," त्या म्हणाल्या. मग खिडकीशी बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहत म्हणाल्या, "पण त्या हाताचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. हिच्या आलं."