रिठदची पिकअप आणि तीन काटे

दिवाळीला गावी जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय काय असावे, याचे आमच्या घरात फार पूर्वीपासून संकेत ठरलेले आहेत. भावजयीला साडी, पुतण्याला शर्टाचे कापड, बाकरवडीचे दोन पुडे आणि उटणे. गेल्या दिवाळीत मात्र माझ्या पिशवीच्या तळाशी मफलरमध्ये गुंडाळलेल्या तीन गोल तबकड्या निघाल्या आणि आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला.

"ही कसली घड्याळे? एकेकच काटा दिसतोय!"

"घड्याळे नव्हेत, मीटर आहेत. एक इंजिनातल्या पाण्याच्या उष्णतेचे, एक तेलाच्या दाबाचे आणि एक बॅटरीच्या व्होल्टचे. धाकट्याच्या पिकअपला बसवायचे आहेत."

"भाऊबीज बहीण-भावाची असते म्हणतात. भावाभावांची प्रथमच पाहते आहे," असे म्हणून तिने ती पुन्हा मफलरमध्ये गुंडाळली, पण जपून गुंडाळली, हेही सांगितले पाहिजे.

आता या तबकड्यांची हकिगत. माझा धाकटा भाऊ वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला राहतो. थोडी शेती आणि जोडीला एक जुनी डिझेल पिकअप. हंगामात गावातल्यांचे सोयाबीन आणि तूर वाशीमच्या बाजार समितीत पोचवायची, एरवी मिळेल ते भाडे करायचे. दर रविवारी मी पुण्याहून त्याला फोन करतो आणि दर रविवारी तो म्हणतो, "सगळं ठीक आहे, दादा." गेल्या श्रावणात फोन पुतण्याने उचलला. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाचे काय झाले, म्हणून मी सहज विचारले. पोरगे जरा घुटमळले आणि म्हणाले, "मोठे बाबा, यंदा फॉर्मच नाही भरला."

मग सगळे बाहेर आले. आदल्या हंगामात भरल्या गाडीचे इंजिन तापून पाणी उकळले, हेड वाकडे झाले, गॅस्केट जळाले. गाडी ओढून आणावी लागली. फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे हेड प्लेन करण्यात आणि नव्या गॅस्केटमध्ये गेले. वर थोडे कर्जही झाले. या सबंध काळात माझे रविवारचे फोन चालूच होते आणि सगळे ठीकच होते!

मला राग आला. पण भावाचा किती आणि स्वतःचा किती, हे ठरवता येईना. पैसे पाठवले असते तर त्याने परत केले असते, हे मला पक्के ठाऊक. तेव्हा मी वेगळा विचार केला. गाडी तापते आहे हे त्याला आधी कळले का नाही? पुतण्याला विचारले, तर कळले की गाडीचा मूळ उष्णतेचा काटा कित्येक वर्षांपासून मेलेला. उरले होते फक्त लाल दिवे.

हे लाल दिवे मोठे फसवे असतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत हडसन कंपनीने मीटर काढून त्यांच्या जागी असे दिवे बसवायला सुरुवात केली. तिकडच्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले 'मूर्खांचे दिवे'. नाव कठोर आहे, पण दिव्याचा स्वभाव बघा. तेलाचा दाब चार किलोंवरून तीनवर आला, दोनवर आला, एकवर आला, तरी दिवा गप्प. तो साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेला की एकदम लाल. तोपर्यंत बेअरिंगांनी जे भोगायचे ते भोगलेले असते. काटा आजार वाढताना दाखवतो. दिवा बहुधा वैद्याला बोलावण्याची वेळ टळल्यावर पेटतो.

आमच्या वडिलांना हे ठाऊक होते. ते पंचायत समितीच्या जीपवर ड्रायव्हर होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ती जीप. वेगाच्या मोठ्या तबकडीभोवती चार लहान तबकड्या : डिझेल-पेट्रोल किती, तेलाचा दाब किती, पाणी किती तापले आणि बॅटरीत वीज जाते आहे की बाहेर पडते आहे. गाडी सुरू केली की वडील नखाने एकेका काचेवर टिचकी मारीत आणि मगच गिअर टाकीत. आम्हा पोरांना तो देवपूजेचाच एक प्रकार वाटे.

तर, मी तबकड्या घेऊन रिठदला पोचलो. माझे सारे आयुष्य टेलिफोनच्या तारांत गेले असल्यामुळे बारा व्होल्टची गाडी म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती. टेलिफोनच्या एक्स्चेंजात अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि अधिक टोक जमिनीला. गाडीत बारा व्होल्ट आणि वजा टोक पत्र्याला. एवढाच काय तो फरक!

बसवण्याआधी मीटर खरे बोलते का ते पाहायचे, म्हणून मी भावजयीकडे दुधाचे पातेले मागितले. उष्णतेच्या मीटरसोबत पितळेचे एक बोंड येते. त्यात असा पदार्थ असतो की तो तापला म्हणजे विजेला होणारा त्याचा विरोध कमी होतो आणि काटा वर चढतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून स्वयंपाकघरापर्यंत तारा ओढल्या, बोंडाचे टोक पाण्यात धरले आणि शेगडी पेटवली. शेजारच्या शेगडीवर चकल्या तळणे चालू होते. साठ, सत्तर, ऐंशी... काटा चढू लागला तशा चकल्या थांबल्या आणि सारे घर भोवती जमले. पाणी खळखळले तेव्हा काटा शंभराच्या एक केस अलीकडे उभा होता. हा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच, म्हणून पाणी शंभराच्या एक-दोन अंश आधीच उकळते. म्हणजे काटा खरा. पातेले मात्र भावजयीने पुन्हा दुधाला घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी. गावातला एक तरुण वायरमन मदतीला आला. हातात बल्बचा टेस्टर, खिशात टेपची गुंडाळी. त्याने प्रथम बॅटरीचे वजा टोक सोडले. आधी अधिक टोक सोडू गेले आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांची दिवाळी तिथेच होते. पितळी बोंड बसवताना मी आट्यांना पांढरी टेप गुंडाळू लागलो, पाणी गळू नये म्हणून. त्याने माझा हात धरला. "काका, टेप नका लावू. त्याले अर्थ आट्यातूनच भेटते." खरेच होते. बोंडाला परतीची तारच नसते; इंजिनाचे लोखंड हीच त्याची परतीची वाट. चाळीस वर्षे तारांत घालवलेल्या माणसाने हे विसरावे!

दाबाच्या मीटरसाठी जुन्या दिव्याच्या जागी तीन तोंडांचा जोड बसवला. त्यामुळे दिवाही राहिला आणि काटाही आला. दिव्याची निंदा केली तरी त्याला हाकलून देण्याइतके आम्ही कृतघ्न नव्हतो. तारा इंजिनाकडून केबिनमध्ये आणताना पत्र्याच्या भोकात रबरी कडी घातली. नाहीतर हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेचे कातडे सोलते आणि मग आग लागायला वेळ लागत नाही. वीज घेतली ती चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या तारेतून आणि जिथून घेतली तिथेच पाच ॲम्पिअरचा फ्यूज घातला. फ्यूज मीटरच्या रक्षणासाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो तारेसाठी असतो. तबकड्यांतल्या बारीक दिव्यांची तार मागच्या लाल दिव्याच्या तारेला जोडली, म्हणजे रात्री दिवे लावले की मीटरही उजळतील.

पुतण्याने विचारले, "मोठे बाबा, आजोबांच्या जीपमध्ये होतं तसं ॲम्पिअरचं मीटर का नाही आणलं?" प्रश्न शहाणा होता. ॲम्पिअरच्या मीटरमधून गाडीची जवळजवळ सगळी वीज वाहते. जाड तार डॅशबोर्डापर्यंत न्यावी लागते आणि तिथला एक नट जरी सैल झाला तरी सारे तापते. व्होल्टचे मीटर बाजूला उभे राहून नुसते बघते. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना चौदाच्या आसपास. चालू गाडीत तेराच्या खाली राहू लागले, की समजावे अल्टरनेटर किंवा पट्टा कुरकुरतो आहे.

संध्याकाळी चावी फिरवली. तिन्ही काटे उठून उभे राहिले. पोराने टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत म्हटले, "आता दिवे लाव." दिवे लागले आणि पाण्याचा काटा पंच्याऐंशीवरून एकदम एकशे पाचवर! दिवे बंद केले की पुन्हा पंच्याऐंशी. दिवे लावल्याने पाणी कसे तापेल? भावाने माझ्याकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला फार लागले.

चूक माझीच होती. मीटर आणि त्यांचे दिवे या सर्वांची परतीची तार मी डॅशबोर्डाखाली एका स्क्रूला आवळली होती आणि तो स्क्रू रंगावर बसला होता. रंगातून वीज नीट परतेना. दिव्यांची वीज त्यात मिसळली की तिथला दाब वाढे आणि काटा खोटे बोले. मल्टिमीटर लावून पाहिले : बॅटरीचे वजा टोक आणि तो स्क्रू यांच्यात एक व्होल्टहून जास्त फरक. तिथे जवळजवळ शून्य हवे. रंग खरवडून पत्रा चकाकीत केला, तारेला नवा लग दाबला, दातेरी वॉशर घातला. दिवे लावले. काटा हलला नाही.

खरी परीक्षा पाडव्यानंतर झाली. पंचवीस कट्टे सोयाबीन लादून आम्ही तिघे पहाटे वाशीमला निघालो. सपाटीवर काटा नव्वदच्या आत होता. पुढे चढ लागला आणि काटा हळूहळू निघाला : पंच्याण्णव, शंभर, एकशे चार. लाल दिवा नाही, वाफ नाही, इंजिनाचा आवाजही नेहमीचा. भाऊ म्हणाला, "तुझा अर्थ पुन्हा ढिला झाला असंल, दादा."

क्षणभर मलाही तसेच वाटले. तेवढ्यात पुतण्याने दिवे बंद-चालू करून पाहिले. काटा जागचा हलला नाही. "बाबा, खरंच गरम होऊन राह्यली. थांबवा," तो म्हणाला.

गाडी कडेला घेतली. इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवले, मग बंद केले. रेडिएटरच्या झाकणाला तासभर कोणी हात लावला नाही. गरम असताना ते उघडणे म्हणजे तोंडावर उकळते पाणी घेणे. निवल्यावर उघडले, तर पाणी काठोकाठ. पंख्याचा पट्टा घट्ट. मग पुतण्या पुढून जाळीत वाकला आणि त्याने बोट घालून बाहेर काढले ते सोयाबीनचे कुटार. रेडिएटरच्या बारीक फटींत ते नमद्यासारखे घट्ट बसले होते. वारा आत शिरणार कुठून? कट्टे भरायचे म्हणून गाडी आदल्या दिवशी दिवसभर मळणीयंत्राच्या वाऱ्याखाली उभी होती.

कॅनमधले पाणी इंजिनाच्या बाजूने ओतून, ब्रशने झाडून आम्ही ते काढले. भाऊ कुटाराचा गोळा हातात घेऊन उभा राहिला. गेल्या वर्षी इंजिन गेले तेव्हाही हेच दिवस होते, हेच मळणीयंत्र होते. पाणी का उकळले हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने ते नशिबाच्या खाती मांडून टाकले होते.

"मंग ते नशीब नव्हतं दादा," तो म्हणाला, "कुटार व्हतं!"

वाशीमपर्यंत काटा अठ्ठ्याऐंशीच्या पुढे गेला नाही. माप झाले, पैसे हाती आले आणि परतताना त्याने फीपुरते पैसे पोराच्या पोस्टातल्या खात्यावर भरले. मी त्यावर काही बोललो नाही. रात्री घरी येताना दिवे लागले तेव्हा तिन्ही तबकड्या पिवळसर उजळल्या.

रविवारचा फोन अजून चालू आहे. "सगळं ठीक आहे" बंद झाले आहे. आता तो आधी आकडे सांगतो : पाणी अमुक, तेल अमुक, व्होल्ट अमुक. परवा म्हणाला, "दादा, गाडी चालू असून बी व्होल्टचा काटा बाराच्या पुढं जाईना." अल्टरनेटरचा पट्टा बघ म्हणून सांगितले आहे. पुतण्या कॉलेजातून शनिवारी घरी येतो, तेव्हा तोच बदलणार आहे.